खुलासा : 'टर्मिनेटर २' आणि अ‍ॅडम ग्रीनबर्ग यांचं ऑस्कर

'इस्रायली छायालेखक अ‍ॅडम ग्रीनबर्ग यांना टर्मिनेटर २ साठी ऑस्कर मिळालं' अशी पोस्ट फिरते आहे. हे चूक आहे. त्यांना नामांकन होतं. १९९१च्या चित्रपटांसाठीचं छायालेखनाचं ऑस्कर १९९२च्या सोहळ्यात 'जेएफके'च्या रॉबर्ट रिचर्डसनना मिळालं. घोटाळा बहुधा 'टर्मिनेटर २'च्या चार ऑस्करमुळे झाला असावा; पण ती रंगभूषा, ध्वनी, ध्वनिपरिणामांचं संकलन आणि दृश्यपरिणाम यांसाठी होती.

'हॉलिवूडने घडवलेला माणूस' हे त्याच पोस्टमधलं वाक्य तर मला जास्त खटकलं. ग्रीनबर्ग जन्माने पोलंडचे, वाढले इस्रायलमध्ये. युगांडातल्या एन्टेबी विमानतळावरच्या ओलिसांच्या सुटकेवरचा 'ऑपरेशन थंडरबोल्ट' (१९७७) त्यांनीच चित्रित केला. सॅम्युएल फुलर यांचा युद्धपट 'द बिग रेड वन' (१९८०) बराचसा इस्रायलमध्येच चित्रित झाला, कॅमेरा ग्रीनबर्गांचाच. म्हणजे १९८४चा पहिला 'टर्मिनेटर' हाती आला तेव्हा हात पूर्ण तयार होता. जेमतेम बजेट आणि लॉस एंजेलिसच्या रात्री, त्यातून त्यांनी तो सिनेमा उभा केला!

पुरस्कार हुकला म्हणून काम लहान होत नाही. 'टर्मिनेटर २'चा शेवट पुन्हा बघा. कॅलिफोर्नियातला तो पोलाद कारखाना खरं तर बंद पडलेला होता. एका बाजूने वितळत्या पोलादाची केशरी धग, दुसरीकडून गार निळा उजेड, आणि मधे घामेजलेले चेहरे. भट्टी थंड होती. ती धग दिव्यांची आहे.

पोस्ट पुढे पाठवली असेल, तर 'विजेते' खोडून 'नामांकित' एवढं नक्की करा.