गाडीतून दिसत नाही म्हणून?

गोव्यातून बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटात रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या आम्ही सायकलवरून नोंदी घेतो. त्यावरून आज एका बारशाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला सुनावलं. "चोर्ल्यावरून मी दर आठवड्याला बेळगावला जातो. मला तर कधी एक प्राणी मेलेला दिसला नाही. तुम्ही सायकलवाले उगाच रान उठवता." कार्य दुसऱ्याच्या घरचं, म्हणून गप्प बसले. इथे बसणार नाही.

दिसणार कसा? काचा बंद, आत गाणी, काटा ऐंशीवर. डांबराला चिकटलेली नानेटी, म्हणजे बारकासा साप, त्या वेगात वाळकी काटकी वाटते आणि बेडूक तर नुसता ओला डाग. शिवाय हे गृहस्थ घरून निघणार नऊला. तोवर कावळ्यांनी, मुंगसांनी बरंचसं उचलून नेलेलं असतं, राहिलेलं एका सरीत धुऊन जातं. म्हणून आम्ही उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याचं केरी गाव सोडतो. चढावर सायकल माणसाच्या चालीने सरकते, नजर रस्त्यावरच असते, तेव्हा कुठे करंगळीएवढा बेडूक दिसतो.

गेल्या पावसाळ्यात साखळी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, खानापूर आणि अनमोडवरून खाली मोले अशी फेरी केली, संशोधकांसाठी रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी घेत. चोर्ल्याच्या एका वळणावर चापडा चिरडलेला पडला होता. शेजारी पट्टी ठेवून फोटो घेत होते, इतक्यात मागून भाजीचा ट्रक आला. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा. त्याने इंडिकेटर लावून ट्रक माझ्या मागेच उभा केला, म्हणजे दुसरं कोणी अंगावर येऊ नये. उतरून म्हणाला, "ताई, एक साप काय बघताय? पहिल्या पावसात रात्री या. बेडकांनी रस्ता हलतो इथं. चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही."

मी आजूबाजूला बघितलं. वर रान, खाली व्हाळ म्हणजे ओढा, मधे रस्ता. अंडी घालायला बेडूक पाण्याकडे उतरणार, त्यांच्या मागे साप येणार. त्या पोराने जे एका वाक्यात सांगितलं ते त्या रस्त्याच्या कुठल्याही नकाशावर मला सापडलं नव्हतं.

आमच्या नोंदी चुकतात, हो. चेंदामेंदा झालेल्या सापाची जात फोटोवरून दर वेळी ठरत नाही. पण तारीख, वेळ, जागा तर ठरते ना? नोंद झाली की काठीने कलेवर कडेला सारतो. परतताना तेच पुन्हा मोजलं जाऊ नये आणि ते खायला उतरलेली घार गाडीखाली सापडू नये. काहीच न सापडलेला किलोमीटरसुद्धा लिहून ठेवतो, नाहीतर कुठे जास्त मरतात हे कळणार कसं? याला "उगाच" म्हणतात?

२०२० च्या जानेवारीत म्हादईच्या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे विषाने मेले, तेव्हा सगळा गोवा हळहळला. हळहळायलाच हवं होतं. पण देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला बिनपायाचा प्राणी, त्याची याच केरीत सापडलेली नवी जात २००७ मध्ये जगापुढे आली, तिच्या शास्त्रीय नावातच गोवा आहे. ते पावसाळी रात्री रस्त्यावर आलं आणि टायरखाली गेलं तर कोण हळहळणार? गांडूळ म्हणून पुढे जाणार सगळे.

रस्ता लागतो, मान्य. आपली भाजी बेळगावहून येते. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. तेवढं मी मागत नाही. पहिल्या पावसाच्या त्या थोड्या रात्री ठरावीक वळणांवर वेग कमी करा आणि रस्ता रुंद करायच्या आधी व्हाळावरच्या मोऱ्या मोठ्या करा, जनावराला खालून वाट राहू द्या. वळणं कुठली ते आम्ही सांगतो. नाहीतर त्या पोराला विचारा. त्याच्या चाकाखाली बेडूक येतात आणि त्याला त्याचं वाईट वाटतं, हे मी त्याच्या तोंडावर बघितलंय.

असो. राग थोडा उतरला.

यायचं असेल त्यांनी कळवा. गियरची सायकल नसली तरी चालेल, घाट ढकलत चढलात तरी नोंदी होतात. चकाकणारं जॅकेट, मागचा लाल दिवा, सहा इंची पट्टी आणि फोनला प्लास्टिकची पिशवी आणा. फोटो काढताना एकाने मागे उभं राहून गाड्यांना हात दाखवायचा. आणि साप कितीही मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही, काठीच वापरायची.