‘समाजशास्त्रवाल्यांचा कारभाराला काय उपयोग?’ या फॉरवर्डला मुद्द्यानिशी उत्तर

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. त्यात म्हटलंय की समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकलेल्यांचा कारभाराला काडीचा उपयोग नाही, ते सांगतात ते सगळं कॉमन सेन्सच असतं, लोक फक्त दंडाला घाबरतात, सर्वे म्हणजे पैशाची नासाडी, शहराला पाहिजेत चांगले इंजिनियर, एक अ‍ॅप आणि एक कडक आयुक्त. आणि शेवटी चॅलेंज, यांच्या अभ्यासातून निघालेली एक तरी स्कीम दाखवा. मी समाजशास्त्रात एमए केलंय आणि सर्वेची कामं करतो, त्यामुळं वाचून राग आला, पण नुसतं चिडून काय होणार, एकेक मुद्दा घेऊ.

१. ‘हे सगळं कॉमन सेन्स आहे’

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यावर लिहिताना पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये आधी निष्कर्षांची एक यादी दिली, वाचणारा म्हणणार ‘यात काय नवीन, हे तर माहितीच होतं’, आणि मग सांगितलं की प्रत्यक्षात निष्कर्ष नेमके उलटे आलेत. म्हणजे उलटं सांगितलं तरी ते आपल्याला ‘माहितीच’ असतं. उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं.

आता आपल्या देशातलं बघा. लस फुकट आहे तरी आईबाप लेकरांना पूर्ण डोस देत नाहीत, का? एक जण म्हणेल अडाणी आहेत, जनजागृती करा, दुसरा म्हणेल नर्सच वेळेवर येत नाही. दोन्ही कॉमन सेन्सच, पण पैसा कुठं घालायचा? राजस्थानात उदयपूर भागात हे करून बघितलं. काही गावांत काहीच बदललं नाही, काही गावांत ठरलेल्या दिवशी हमखास शिबिर भरवलं आणि काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ दिली आणि सगळे डोस पूर्ण केले की ताटं दिली. पूर्ण लसीकरण पहिल्या गावांत ६ टक्के, दुसऱ्यांत १८ आणि डाळवाल्या गावांत ३९ टक्के. आणि ही नुसती गंमत नाही, हिशोब आहे, डाळीचे पैसे धरूनही दर मुलामागचा खर्च कमी आला, कारण नर्स तेवढीच आणि मुलं जास्त. लोक लसीच्या विरोधात नव्हते, आज नको उद्या बघू म्हणत होते. हे मुंबईत किंवा मंत्रालयात बसून कोणाला सुचलं असतं? हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

२. ‘लोक फक्त दंडाला घाबरतात’

कधी घाबरतात, कधी नाही, आणि कधी दंडानं काम बिघडतं. इस्राएलमध्ये हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले, कारण आधी बाईंना थांबवून ठेवायची लाज वाटत होती, आता पैसे भरले की विषय संपला. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही, एकदा गेलेली लाज परत आली नाही.

आपल्याकडं हागणदारीमुक्तीच्या नावाखाली गुड मॉर्निंग पथकं फिरली, पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडून लाजवायला हार घालायचे. २०१४ मध्ये उत्तर भारतातल्या पाच राज्यांत पाहणी झाली, ज्या घरांत वापरता येईल असा संडास होता त्यातल्याही ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस बाहेर जात होता. म्हणजे संडास बांधून दिला, प्रश्न सुटला असं नाही. खड्डा भरला की कोण उपसणार ही भीती, आणि त्या भीतीमागं जात, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि हार घालून तर अजिबातच सुटत नाही.

३. ‘सर्वे म्हणजे पैशाची नासाडी’

यावर मला जरा जास्त बोलायचंय.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या वस्तीत जा. उंबऱ्यात बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं एक क्षण थांबत नाहीत. फॉर्म घेतलेला माणूस विचारतो, ‘मावशी, काम करता का?’ ती म्हणते, ‘नाही ओ, घरीच असते.’ तो लिहितो, गृहिणी. नवऱ्याला विचारलं तर तेच, ‘ती काय करत नाही.’ डोळ्यासमोर हजार विड्यांचं काम चाललंय आणि कागदावर शून्य. हेच जर विचारलं की काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, तर सगळं बाहेर येतं, पान भिजवलं, कापलं, विड्या वळल्या, दोरा बांधला, कारखान्यात माल दिला, त्यातल्या काही छाटात गेल्या म्हणजे खराब म्हणून काढल्या, त्याचे पैसे नाही मिळाले, मधे पाणी आलं म्हणून उठावं लागलं. आणि हे घरच्या भाषेत, तेलुगूत विचारलं तर अजून मोकळेपणानं सांगतात.

याचा कारभाराशी काय संबंध म्हणाल, तर बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही हे लहान पोरालाही माहितीय, वर्षानुवर्षं चार-चार पाच-पाच दिवसांनी येत आलंय. उजनी धरणात किती, पंपिंग किती, माणशी किती लिटर, हे आकडे फाइलीत असतात. पण पाण्याची वेळ आणि कारखान्यात माल द्यायची वेळ एक झाली तर त्या बाईनं एक तर पाणी सोडायचं नाही तर मजुरी, हे कुठल्याच फाइलीत नसतं, कारण फाइलीत ती घरीच असते. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, नंतर असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीची पंधरा हजार घरं २०२४ च्या जानेवारीत दिली गेली, इतक्या कष्टकऱ्यांना हक्काचं घर मिळणं ही लई मोठी गोष्ट आहे आणि त्यामागं वर्षानुवर्षांचा लढा आहे. पण घर लांब गेलं की कारखाना, शाळा, दवाखाना, बस सगळ्याचं गणित बदलतं, आणि ते सगळ्यात आधी बाईचं बदलतं. ते मोजणार कोण?

हां, टपरीवर बसून फॉर्म भरणारेही आहेत, असले सर्वे मी पाहिलेत, ती नासाडीच आहे. पण त्यावर उपाय नीट सर्वे करणं हाच.

४. ‘इंजिनियर आणि अ‍ॅप पुरे’

इंजिनियर पाहिजेतच, जलवाहिनी काय समाजशास्त्रज्ञ टाकणार नाही. अ‍ॅपचं मात्र बेंगळुरूचं उदाहरण घ्या. पाणी कधी येणार याचा मेसेज मोबाइलवर द्यायची सोय तिथं केली, माहिती कोण देणार तर चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह सोडणारा. संशोधकांनी तपासलं तर हे चावीवाले नेमानं कळवतच नव्हते, एक जास्तीचं काम अंगावर पडलं होतं, त्यातून त्यांना काही मिळत नव्हतं, त्यामुळं मेसेजचा लोकांना फारसा फायदा झाला नाही. टेक्नॉलॉजी ठीक होती. चावीवाल्याचा विचार कुणी केला नव्हता.

५. ‘एक तरी स्कीम दाखवा’

तुमच्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये कापले जातात ना? तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला आधी छोट्या प्रमाणात प्रयोग केला. १९७१ मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी गरिबी मोजून दाखवली आणि सार्वजनिक कामातून रोजगार द्या म्हणून सांगितलं. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, आपला जिल्हा त्यात होरपळला, खडी फोडलेली आणि सुकडी खाल्लेली माणसं आजही घराघरात आहेत, विचारा त्यांना. १९७७ ला राज्यात रोजगार हमीचा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, आणि २००५ मध्ये तसाच कायदा देशासाठी. यातला विचार बघा, गरीब कोण हे तलाठ्यानं ठरवायचं नाही, उन्हात कष्टाच्या कामाला जो स्वतःहून येतो त्याला गरज आहे, त्याला काम द्या. वशिला नको, दाखला नको. हा शंभर टक्के समाजाच्या अभ्यासातून आलेला विचार आहे.

आणि गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ते छापून आलं, आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते त्याच वाटेनं.

फॉरवर्डमधली एक गोष्ट मात्र मान्य, अहवाल धूळ खात पडतात. पण ते कपाटात ठेवतं कोण? आणि बाहेरचे अभ्यास इथं जसेच्या तसे चालणार नाहीत हेही मान्य, म्हणून तर इथंच करायला पाहिजेत. केगावला आपलं विद्यापीठ आहे, सामाजिक शास्त्रांची पोरं दरवर्षी प्रोजेक्टला विषय शोधत असतात. महापालिकेनं पाण्याचं पुढचं वेळापत्रक बदलायच्या आधी त्यांना दोन-तीन पेठांत पाठवावं, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं निवडून, बायकांना दिवसभराचं काम विचारावं आणि आलेलं उत्तर झोन ऑफिसच्या बोर्डावर लावावं, निविदा निघायच्या आधी.