एसीत बसून याद्या करणाऱ्याकडून उत्तर

माझ्या लेखावरची तुमची कमेंट रात्री वाचली, सकाळी परत वाचली, तरी राग काही गेला नाही. "एसीत बसून कुणाचं मशीन काढून कुणाला द्यायचं याच्या याद्या करणं सोपं असतं, घरात पेशंट असला की कळतं." अहो, माझं म्हणणं एवढंच होतं की घरून तब्येतीवर लक्ष ठेवायची किट्स कमी असतील तर हॉस्पिटलमधून नुकत्याच सुटलेल्यांना आधी द्या, त्यांची तब्येत स्थिर झाली की पुढच्याला द्या. यात एसी कुठून आला?

घरात पेशंट होता हो. वडिलांना हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करत नव्हतं. एसी सोडा, त्यांना थंडी वाजते म्हणून पंखासुद्धा बंद असायचा. सकाळी लघवीला जाऊन आले की काही खायच्या आधी वजनकाट्यावर उभं करायचं, आकडा वहीत लिहायचा, मग नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय, की लगेच फोन, आणि डॉक्टर लघवीची गोळी वाढवून द्यायचे. एकदा तिकडे फोन उचलायलाच कोणी नव्हतं. काटा तोच, वही तीच, आणि वडील परत ऍडमिट. तेव्हा घरातलं मला शिकवू नका, प्लीज.

"सगळ्यात जास्त आजारी त्यालाच मशीन" हे तुमचं ऐकायला बरं वाटतं, पण आकडा बघून ज्याचं औषध बदलता येतं त्यालाच त्याचा उपयोग. 2010 साली अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या 1653 पेशंट्सची ट्रायल आली, त्यात रोज फोनवर वजन-लक्षणं कळवूनही फरक पडला नाही. 2018 मध्ये जर्मनीतल्या ट्रायलमध्ये पडला, आणि तिथे 24 तास डॉक्टर-नर्स दखल घ्यायला बसलेले होते.

दोघांची गरज सारखीच असेल तर चिठ्ठी टाका, हे तुमचं पटलं, लेखात यायला हवं होतं. किटमुळे स्मार्टफोनवाल्यांचीच सोय होते, या तुमच्या टोमण्यावर काही बोलत नाही, स्मार्टफोन नसला तरी चालणाऱ्या सिमकार्डवाल्या किटचा परिच्छेद लेखात आहे, वाचलात तर दिसेल. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी ऑक्सिजन जास्त दाखवतो हे तुमचं खरंय, पण तो वेगळा विषय.

आणि स्थिर झालेल्याकडून किट परत घ्यायचंच नाही म्हणता, मग आज डिस्चार्ज मिळालेल्याला ते कुठून द्यायचं, एवढं टोमणे वगळून लिहा. नाव टाकलंत तर आणखी बरं.