तिसरं इंजेक्शन

गुंड्याच्या, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, लसीच्या कार्डावर दोन स्टिकर आहेत. तिसऱ्याची चौकट कोरी, आणि शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात तारीख. त्या आठवड्यात घरी पाहुणे होते. पुढच्या आठवड्यात मलाच ताप आला. मग म्हटलं, दोन तर झालीत, पंधरा दिवस मागेपुढे झाले तर काय बिघडतं?

साडेचार महिन्यांच्या गुंड्याला पार्व्हो झाला, म्हणजे त्या लसीने टळणारा आतड्यांचा विषाणूजन्य आजार. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. त्या जुलाबांचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. चार दिवस सलाइनवर होता, पाचव्या दिवशी पहाटे गेला.

नंतर भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी एकच वाक्य ऐकवलं, “लस देऊनसुद्धा झालाच ना!” या गोष्टीला दोन वर्षं होतील, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण ते चूक आहे, आणि तेव्हा मला त्यावर उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर आहे चिकात. जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू आईचा जो चीक पितं, त्यातून आईच्या प्रतिपिंडांचा साठा त्याला मिळतो. हे उसने राखणदार. सुरुवातीचे काही आठवडे तेच त्याला सांभाळतात. पण या राखणदारांना खरा चोर आणि लसीतून हातपाय बांधून आणलेला चोर यातला फरक कळत नाही. दिसला की हुसकावला. मग लस वाया जाते आणि पिल्लाचं स्वतःचं शरीर काहीच शिकत नाही. पुढे हे राखणदार एकेक करून निघून जातात. मधे असे काही दिवस येतात, जेव्हा खऱ्या चोराला अडवायला ते पुरत नाहीत, पण बांधलेल्याला हाकलायला मात्र पुरतात. एखाद्या पिल्लात हे दिवस लवकर येऊन जातात, तर एखाद्यात चौथा महिना उजाडतो. एकाच वेताची दोन भावंडंसुद्धा यात सारखी नसतात आणि नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. तीन इंजेक्शनं म्हणजे कर्जाचे तीन हप्ते नाहीत, की दोन भरले म्हणजे बरंचसं फिटलं. आधीची वाया गेली असतील तर निदान ही लागू पडावी, यासाठी तेच दार पुन्हा वाजवायचं असतं. आणि सगळ्यात भरवशाची टकटक शेवटची. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: 6 ते 8 आठवड्यांपासून सुरुवात, दर 2 ते 4 आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यानंतर 26 आठवड्यांच्या सुमारास आणखी एक. आम्ही नेमका तो शेवटचा बुडवला होता. थोडक्यात, लस फसली नव्हती, मी फसवलं होतं.

मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र माझं मत जरा उलट आहे, आणि त्यावर वाद होतील हे मला ठाऊक आहे. पिलाची मालिका नीट पूर्ण झाली असेल तर पार्व्हो, डिस्टेंपर आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंवरची लस दर वर्षी द्यायची गरज नसते, तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराची मात्र वर्षभरच टिकते. त्यामुळे “सगळं देऊन टाका” असं न म्हणता, यंदा कोणती देताय आणि का, हे डॉक्टरांना विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

रेबीजमध्ये असली काटकसर नको. तिथे लस किती काळ पुरते याची बाटलीवर लिहिलेली मुदत आणि तुमच्याकडचा कायदा, दोन्ही पाळायचे. जगात दर वर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो. लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळपास नाहीच. आणि हो, लस दिलेला घरचा कुत्रा चावला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. “आपलाच आहे” हे औषध नव्हे.

आता मांजरवाले. “आमची मनी घराबाहेर पडतच नाही” हे मी इतक्यांदा ऐकलंय! मनी पडत नसेल, तुमच्या चपला पडतात. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा पार्व्होचाच सख्खा नातलग, तो चपलांवरून आरामात घरात येतो. मांजरांत लस टोचलेल्या जागी क्वचित गाठ होते, हजारोंत एखाद्या मांजरात, आणि ती कर्करोगाची असू शकते. ही भीती खोटी नाही. पण म्हणून लस टाळू नका, टोचलेली जागा हाताने चाचपत राहा. गाठ तीन महिन्यांनंतरही असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा महिन्यानंतरही वाढत असेल, तर यातलं एकही पुरे, लगेच दाखवा. बाकी एखादा दिवस मरगळ, थोडा ताप, हे चालायचंच. चेहरा सुजला, उलट्या सुरू झाल्या किंवा धाप लागली तर मात्र तडक मागे फिरा. म्हणूनच मी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्याबाहेर बसून राहतो.

गुंड्यानंतर आम्ही वर्षभर दुसरं पिल्लू आणलं नाही. दुःख होतंच, पण पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही हेही कारण होतं. फरशी ब्लीचने किती वेळा पुसली असेल, मोजलं नाही.

आता ढोल्या आलाय. शनिवारी 16 आठवडे पूर्ण होऊन वर दोन दिवस होतील, तिसरं इंजेक्शन त्याच दिवशी. घरातल्या तिन्ही फोनांवर गजर लावलेत. कार्डाचा एक कोपरा त्याने चावून भिजवलाय, पण तारीख वाचता येते.