तिसरा ठिपका मोजायचा नाही

नमस्कार. “जांबोटी रस्त्यावरच्या पिवळ्या फुलपाखराला तुम्ही कॉमन ग्रास यलो म्हणता, फोटोत तर सरळ तीन ठिपके दिसतात, म्हणजे ते थ्री-स्पॉट. आणि ठिपके मोजत बसण्यापेक्षा उडण्यावरून ओळखायला शिकवा की,” असं माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय. ग्रास यलो ही छोटी पिवळी फुलपाखरं, कॉमन आणि थ्री-स्पॉट या त्यांच्या दोन जाती.

तिसरी खूण आहेच, पण ती मोजायची नाही. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळापासून निघून साधारण मध्यावर बंद होणारा लांबट कप्पा असतो, त्याला सेल म्हणतात. सेल संपतो तिथे काजूच्या आकाराची तपकिरी कडी असते. ती दोन्ही जातींत असते. मोजायचे ते कडीच्या अलीकडचे, सेलच्या आतले ठिपके. कॉमनला दोन, थ्री-स्पॉटला तीन. कडी वगळा, हे लेखात लिहायचं राहिलं, तेवढी चूक माझी.

उलटा घोळही होतो. ही फुलपाखरं पंख मिटूनच बसतात आणि पुढचा पंख मागच्याच्या आड ओढून घेतात. मुळाजवळचा ठिपका झाकला की तिनाचे दोन, दोनाचा एक. म्हणून ओल्या मातीवर किंवा फुलावर पंख उंच धरलेले असताना, कॅमेरा पंखाला काटकोनात ठेवून चार-पाच फोटो घ्या. सेल नीट दिसत नसेल तर वहीत नुसतं ‘ग्रास यलो’ लिहा, त्यात कमीपणा नाही. पावसाळा सरल्यावर खालच्या बाजूला तपकिरी डागांची गर्दी होते, तेव्हा तर सेलबाहेर बघूच नका.

उडण्यावरून? एमिग्रंट हे दुसरं फुलपाखरू वेगळं काढता येईल, ते मोठं आणि वेगानं जातं. पण टाकळ्याच्या रानात गवतालगत भिरभिरणाऱ्या ग्रास यलोंमध्ये तो उपाय चालत नाही. त्यापेक्षा अंडी बघा: कॉमन एकेकटं घालते, थ्री-स्पॉट पुंजक्यानं. थ्री-स्पॉटच्या अळ्या घोळक्यानं राहतात, डोकं काळं. कॉमनच्या अळीचं डोकं हिरवं.

“केशरी फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगरच,” हे तुमचं म्हणणंही घाईचं. डॅनॅइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब तशीच दिसते. मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके (नराला चौथाही) असतील तर प्लेन टायगर. वरच्या कडेशी एकच असेल तर एगफ्लाय. अंडी घालायला प्लेन टायगर रुईवर येते, एगफ्लाय घोळीच्या भाजीवर.