मैदा वाढवू नका, ताई : पसरलेल्या कुकीजबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नाताळसाठी साच्याने कापलेले तारे आणि घंटा ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटल्या. माझ्या कुकीजच्या कृतीत मी मैदा कमी सांगितलाय, बेकिंग पावडर लिहायचीच राहिली आहे आणि खानापूरकडच्या गावात लाईटचा भरवसा नसताना 'अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा' हे सांगणं सोपं, करणं अवघड. यातला लाईटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर खाली लिहिलंय. मैदा आणि बेकिंग पावडरचं मात्र मला पटत नाही.

माझं प्रमाण 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर आणि लागेल तसं एक-दोन चमचे दूध. यात अजून मूठभर मैदा घातला तर आकार राहील, नाही असं नाही. पण खाताना कुकी कोरडी आणि पिठूळ लागेल. मूळ दुखणं वेगळंच आहे. बटरमधला स्निग्धांश 32 ते 35 अंशांना वितळतो. मैदा शिजून कुकीला आकार धरायला त्याच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागतं. बटर वितळल्यापासून मैदा धरेपर्यंतच्या वेळात कुकी पसरते. ती वेळ जेवढी कमी करता येईल तेवढी करायची, बाकी सगळे उपाय त्यासाठीच.

बेकिंग पावडर मी मुद्दाम घातलेली नाही. आपल्याकडं दिवाळीत बेकरीच्या भट्टीतून खटाई, म्हणजे नानकटाई, भाजून आणतात, तिच्यात सोडा हवाच, कारण खटाई फुलायला हवी, पसरायला हवी, वर भेगा पडायला हव्यात. ताऱ्याची टोकं टोकदार राहायची असतील तर याच्या नेमकं उलट हवं. बटर-साखर फेसतानाही तेच : एकजीव झालं की थांबायचं. केकसारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसलं तर हवा भरते, कुकी फुगते आणि फुगून खाली बसताना कडा हरवतात.

आता तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं एक वाक्य : 'बटर आणलं नव्हतं, घरचं म्हशीचं लोणी घातलं.' ताई, मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. विकतच्या टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 16 टक्क्यांच्या वर चालत नाही. घरच्या लोण्याला असं माप नाही. ताक नीट निघालं नसेल तर पाणी बरंच जास्त राहतं, त्यात साखर विरघळते आणि कणीक भट्टीत सैल पडते. चमचाभर लोणी छोट्या कढईत मंद आचेवर ठेवून बघा. बराच वेळ चरचरत राहिलं तर पाणी जास्त आहे असं समजा. असं लोणी बर्फाच्या पाण्यात हाताने दाबून, पाणी बदलत, नितळ पाणी येईपर्यंत धुवायचं. मग ताटलीत पसरून उलथन्याने दाबत राहायचं. कडेने बारीक थेंब सुटतात, ते फडक्याने टिपायचे. थेंब यायचे थांबले की मगच वजन करायचं. चव मात्र घरच्या लोण्याची जी येते ती विकतच्याला नाही, म्हणून ही खटपट करावी असंच मी म्हणेन.

साखर घरी दळली असेल तर तिच्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च असतो, तो पाणी धरून ठेवतो.

आता लाईट. कणीक मळल्यावर गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग लाटत बसू नका. दगड होतो, लाटताना हात दुखतात आणि लाटून होईपर्यंत पुन्हा मऊ पडतो. मळल्या मळल्या दोन बटर पेपरांमध्ये पाच-सहा मिलिमीटर जाड लाटा आणि ती पोळी तशीच ताटासकट गार करा. लाईट असेल तेव्हा फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटं पुरतात. नसेल तर पहाटे करा. डिसेंबरात आपल्याकडं पहाटे कडप्प्याचा ओटा गारेगार असतो. पोळीवर बोट टेकवल्यावर ठसा उमटला नाही, की साचा मारायचा. कापलेले आकार कागदासकट उचलले तर ओढले जात नाहीत.

व्होल्टेजचा त्रास तुम्ही लिहिला नाहीत, पण तो असणारच. 230 ऐवजी 200 व्होल्ट आले तर कॉइलची उष्णता सुमारे चौथाईने कमी होते. ओव्हन 180 अंशांवर ठेवला तरी तिथे पोचायला फार वेळ लागतो आणि अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये बटर वितळून जातं, मैदा तसाच राहतो. शेतातले पंप चालू असतील ती वेळ टाळा आणि ओव्हन किमान वीस मिनिटं रिकामा तापू द्या. ट्रेला तूप लावू नका, नुसता कागद घाला. दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच मांडू नका, ट्रे पाण्याखाली धरून, पुसून मगच.

पुढच्या वेळी सगळा ट्रे भरण्याआधी एकच तारा भाजून बघा. आणि मला एवढं कळवा : लोणी कढईत किती चरचरलं, आणि ओव्हन लावल्यापासून किती वेळाने ट्रे आत गेला. त्यावरून तुमच्या ओव्हनसाठी नेमकं काय बदलायचं ते सांगते.