फ्रान्झ जोसेफ हिमनदी वाढली हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा

न्यूझीलंडच्या हिमनद्यांबद्दलचा एक दावा बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचा गाभा असा: जगभर तापमानवाढीची ओरड चालू असताना तिथल्या हिमनद्या पुढे सरकत होत्या; त्या पूर्वीही कधी वाढल्या, कधी आटल्या; दगडांवरून काढलेली जुनी वयं म्हणजे अंदाजपंचे कारभार; तेव्हा आजचं वितळणंही नेहमीचंच. यातली पहिली गोष्ट खरी आहे. आधी तीच घेतो.

‘हिमनद्या वाढत होत्या.’ हो, वाढत होत्या. १९८३ ते २००८ या काळात सदर्न आल्प्स या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या पर्वतरांगेतल्या किमान ५८ हिमनद्या पुढे सरकल्या. पश्चिम उतारावरची फ्रान्झ जोसेफ तर जवळजवळ सलग पुढे येत राहिली आणि विसाव्या शतकात गमावलेल्या लांबीपैकी जवळपास निम्मी तिनं परत मिळवली. पण कशामुळे? त्या बाजूला पाऊस-बर्फ प्रचंड पडतो, त्यामुळे जास्त बर्फ पडला असेल असं सहज वाटतं. हिमनद्यांचे अभ्यासक अँड्र्यू मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे संगणकीय प्रारूपांवर तपासलं, तेव्हा मुख्य कारण हवेतला गारठा निघालं. त्या वर्षांत न्यूझीलंडच्या पश्चिमेकडच्या टास्मन समुद्राचं पाणी थंड होतं आणि दक्षिणेकडचे गार वारे जास्त वाहत होते. एका प्रदेशात काही वर्षं हवा थंडावली, बर्फ कमी वितळला, हिमनदी वाढली. हिमनदी तापमानाला किती चटकन प्रतिसाद देते, हेच या उदाहरणातून दिसतं. दाव्याच्या बाजूनं यातून काहीच निघत नाही.

शिवाय त्याच काळात, त्याच पर्वतरांगेच्या पूर्व बाजूला, देशातली सगळ्यात लांब टास्मन हिमनदी मागे हटत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या तोंडाशी तळंच नव्हतं. २००८ पर्यंत तिथे कित्येक किलोमीटर लांबीचं सरोवर झालं होतं. फ्रान्झ जोसेफ उभ्या उताराची, काही वर्षांतच प्रतिसाद देणारी. टास्मन लांब, सपाट, दगडगोट्यांनी झाकलेली, दशकानुदशकं मागचा हिशेब चुकता करणारी. दाव्यात पहिलीच दाखवतात, दुसरी गाळतात. आणि २००८ नंतर फ्रान्झ जोसेफही मागे फिरली. दक्षिण बेटाच्या सहलीला गेलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी हे पाहिलं असेल: २०१२ पासून खोऱ्यातून चालत जाऊन त्या बर्फावर चढता येत नाही, हेलिकॉप्टरच लागतं.

आता दगडांच्या वयाबद्दल. हा आक्षेप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो, कारण यामागे फार कष्टाचं काम आहे. हिमनदी पुढे येते तेव्हा दगडमातीचा बांध तोंडाशी रचते, आणि मागे हटली की तो तिथेच राहतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला हिमोढ म्हणतो. बांधावरचा मोठा धोंडा उघडा पडला, की अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे त्यातल्या गारगोटीत बेरिलियम-१० हा समस्थानिक (बेरिलियम या मूलद्रव्याचाच एक वेगळ्या वजनाचा अणू) साचू लागतो. समुद्रसपाटीला एका ग्रॅम गारगोटीत वर्षाला जेमतेम चार-पाच अणू, उंचीवर जास्त. ते मोजले की धोंडा किती काळ आकाशाखाली आहे ते कळतं. धोंडा नंतर घरंगळला असेल तर वय कमी भरतं, आधीच कुठे उघडा पडलेला असेल तर जास्त. म्हणून एकाच बांधावरचे अनेक धोंडे तपासून जुळवून पाहतात. साचण्याचा वेगही गृहीत धरलेला नाही. न्यूझीलंडच्याच मॅकॉली खोऱ्यात सुमारे ९,७०० वर्षांपूर्वी दगडचिखलाचा लोंढा आला, त्याखाली गाडल्या गेलेल्या वनस्पतींचं वय त्यांच्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून (रेडिओकार्बन) काढलं आणि त्यावर हा वेग ताडून घेतला.

वाद आहेत, आणि ते उघड आहेत. फ्रान्झ जोसेफच्या खालच्या मैदानातला वायहो लूप हा प्रचंड हिमोढ थंडीमुळे झाला, की हिमनदीवर दरड कोसळल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांचं पटलेलं नाही. पण म्हणूनच एका बांधावर कुणी सगळा इतिहास उभा करत नाही.

‘पूर्वीही वाढल्या-आटल्या.’ अर्थात. पण कधी, आणि तेव्हा बाकीचं जग काय करत होतं? साधारण १३,००० वर्षांपूर्वी न्यूझीलंडच्या हिमनद्या पुढे आल्या, तेव्हा अंटार्क्टिकाभोवती गारठा होता आणि उत्तर अटलांटिकच्या आसपास ऊब. पुढे यंगर ड्रायस नावाच्या थंड काळात युरोप पुन्हा गारठला, तर न्यूझीलंडचा बर्फ मागे हटत गेला. समुद्रप्रवाह आणि वारे उष्णता एका गोलार्धाकडून दुसऱ्याकडे ढकलत होते. २००९ मध्ये योर्ग शेफर आणि सहकाऱ्यांनी माउंट कुकजवळच्या हिमोढांवरून गेल्या ७,००० वर्षांचा क्रम लावला. त्यातला मोठा विस्तार सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचा, आणि नंतरचे विस्तार तुलनेनं लहान. उत्तर गोलार्धात याच्या उलट. उत्तरेतल्या प्रसिद्ध उबदार काळांतही इथल्या हिमनद्या काही वेळा पुढे आल्या होत्या.

दावा करणारे नेमकं हेच पुढे करतात. पण हा पुरावा वेगळंच सांगतो: हजारो वर्षं दोन्ही गोलार्धांची पावलं अशी चुकत आली, आणि आज युरोपातले आल्प्स आणि न्यूझीलंडचे आल्प्स एकाच वेळी आटत आहेत. उष्णता फक्त इकडून तिकडे सरकत असती, तर एका बाजूला तरी बर्फ वाढायला हवा होता.

राहिलं ‘आजचंही नैसर्गिकच’. १९७७ पासून दर उन्हाळ्याच्या शेवटी छोट्या विमानातून सदर्न आल्प्सची हिमरेषा, म्हणजे उन्हाळाभर टिकलेल्या बर्फाची खालची सीमा, टिपली जाते. ट्रेव्हर चिन यांनी सुरू केलेलं हे काम अजून चालू आहे. त्या छायाचित्रांच्या आधारे लॉरेन व्हार्गो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हिशेब मांडला. टास्मन समुद्र विलक्षण तापलेल्या २०१८ च्या उन्हाळ्यात झालेली बर्फाची हानी माणसानं घडवलेल्या तापमानवाढीमुळे किमान दहापट अधिक संभाव्य झाली होती, २०११ ची किमान सहापट.